माळाचा विसावा

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे. माण, खटाव, सांगोला, जत हे त्यातील तालुके. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आणि तोही लहरी. अशा भूमीत घनदाट अरण्य वाढत नाही. वाढते ते गवत. मृगाच्या सरी कोसळताच करडा माळ हिरवागार होतो. मारवेल व पवन्या ही तेथील सकस गवते. त्यांवर दख्खनी मेंढी पोसली जाते आणि मेंढीवर धनगराचे कुटुंब.

गवताचे सारे वैभव पात्यांत आहे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्याचे भांडवल मुळांत असते. पहिला कोंब त्या शिलकेतून फुटतो. पाती पसरली, की ती मुळांचे ऋण फेडू लागतात. हे ऋण फिटण्यापूर्वीच कोंब पुनःपुन्हा खुडला गेला, तर मूळ क्षीण होते. मग मारवेल मागे हटते, कुसळी आणि तरोटा माजतात आणि अखेरीस उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहून जाते. उलट, माळ वर्षानुवर्षे चरलाच गेला नाही, तर वाळक्या गवताखाली नवा कोंब गुदमरतो. गवताला चराई हवी आणि चराईनंतर विसावाही हवा.

धनगराच्या भटकंतीचे मर्म हेच आहे. पावसाळ्यात तो कळप एका जागी फार दिवस ठेवीत नाही. दिवाळी सरली, की घोडीवर बिऱ्हाड लादून कित्येक धनगर घाट उतरून कोकणात जातात. कापणी झालेल्या शेतांत मेंढरे बसवितात. शेतकऱ्यास लेंडीखत मिळते, धनगरास धान्य मिळते आणि मागे माळावर उरलेले गवत मातीचे पांघरूण होते.

जेथे गुरे गावातच राहतात, तेथे हा विसावा नियमाने द्यावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने डोंगरावर चराईबंदी केली. गवत विळ्याने कापून गुरांपुढे टाकावयाचे, असे ठरले. आणि उघडे डोंगर पुन्हा गवताने झाकले. परंतु ज्याला गोठा नाही, त्या मेंढपाळाने कोठे जावे? माळरानांना ‘पडीक’ म्हणून त्यांवर नांगर फिरतो, कारखाने उभे राहतात. वाटा मिटतात, उरलेल्या तुकड्यावर कळप दाटतात आणि दोष मात्र मुक्या मेंढरांच्या माथी येतो.

जो माळ रिकामा दिसतो, तो रिकामा नसतो. तो विसावा घेत असतो. त्याचा विसावा जो मोडील, त्याच्या वाट्याला उद्या केवळ धूळ येईल.