एकेचाळीस गोळ्या

आमची अक्का खोटे बोलत नाही, ही आमच्या माहेरी सर्वांची श्रद्धा होती. लहानपणी सुरसागराच्या काठी खेळताना वडिलांची नवी छत्री मोडली, तेव्हा आम्ही धाकटी भावंडे गप्प उभी राहिलो. पुढे होऊन "मी मोडली" असे सांगणारी ती अक्काच. अशी ही अक्का वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्याशी खोटे बोलली, आणि तेही औषधावरून. आपल्यापैकी अनेकांची वडीलधारी माणसे आज मुलांकडे अमेरिकेत राहतात, म्हणून ही घरातली गोष्ट चार घरांत सांगावीशी वाटते.

मेहुणे गेल्यावर भाच्याने अक्काला बडोद्याहून न्यू जर्सीला नेले, त्याला बरीच वर्षे झाली. २०२४ चा दसरा इकडे करून मी तिला भेटायला गेले. बरोबर भाजणी होती, गोडा मसाला होता आणि तिचा जीव की प्राण असलेला आपल्या बडोद्याचा लीलो चिवडा होता. कोजागिरीचे मसाला दूध आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून प्यायलो. सारे कसे आनंदात चालले होते.

अक्काच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. अशा ठोक्यांनी हृदयात रक्ताची गुठळी धरते, आणि ती मेंदूकडे गेली तर माणूस एका बाजूने लुळा पडू शकतो. तसे होऊ नये म्हणून डॉक्टरांनी तिला अपिक्साबान नावाचे, रक्त गोठू न देणारे औषध दिले आहे. एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी. याखेरीज रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि थायरॉइडची गोळी.

२० ऑक्टोबर, रविवार. सकाळी अक्का देवपूजा करत होती आणि मी तिचा औषधांचा कप्पा आवरायला घेतला. हयात शाळेत गणित शिकवण्यात गेल्यामुळे दिसेल ते मोजण्याची मला खोड आहे. बाटलीवर लिहिले होते : तारीख १ ऑक्टोबर, गोळ्या ६०, दिवसातून दोनदा एक. एकोणीस दिवसांच्या अडतीस गोळ्या गेल्या, म्हणजे बावीस उरायला हव्यात. मी ताटलीत ओतून मोजल्या. एकेचाळीस निघाल्या. पुन्हा मोजल्या, तरी एकेचाळीसच.

पूजा आटोपून ती आल्यावर मी विचारले, "अक्का, संध्याकाळची गोळी घेतेस ना?"

"घेते की."

"रोज?"

"रोज घेते. तू उगाच काय चौकशी मांडली आहेस?"

मी काही न बोलता ताटली तिच्यापुढे सरकवली. तिने ताटलीकडे पाहिले, मग खिडकीकडे पाहिले. शाळेतली मुले उत्तर चुकले की अशीच बाहेर बघत. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अगं, महिन्याला सत्तेचाळीस डॉलर देत होते. या वेळी त्या मुलीने एकशे अठ्ठेचाळीस मागितले. हप्ता बिचारा मुलगाच भरतो. नातीचे कॉलेज तोंडावर आले आहे. म्हटले, एका बाटलीत दोन महिने काढावेत. सकाळची घेतेच ना मी?"

मला राग आला आणि रडूही आले. त्याच दिवशी डॉक्टरांकडे फोन केला. ड्यूटीवरच्या नर्सने सांगितले, की आजपासून दोन्ही वेळा घ्यायला लागा, राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका आणि ही गोळी मनाने कधीही कमी करू नका. एवढे झाल्यावर मी अक्काला म्हटले, "आता मला ती विम्याची कागदपत्रे दाखव."

कागद निघाले देव्हाऱ्याखालच्या खणातून, उदबत्तीच्या पुड्यांखालून. त्यांत विमा कंपनीचे सप्टेंबरात आलेले एक जाड पाकीट होते, न फोडलेले. पुढच्या वर्षी हप्त्यात, औषधांच्या यादीत आणि दरांत काय बदलणार, हे प्रत्येक कंपनीला दरवर्षी सप्टेंबरअखेर असे कळवावे लागते. अक्काला वाटले, जाहिरात असेल.

येथे थोडे विस्ताराने सांगते. अमेरिकेत पासष्टीपुढील लोकांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना आहे. ग्रीन कार्ड मिळून तेथे सलग पाच वर्षे राहिलेल्या आईवडिलांनाही, स्वतः तेथे नोकरी केली नसली तरी, पासष्टीनंतर हप्ता भरून ती घेता येते. परंतु १९६५ साली ही योजना झाली तेव्हा घरी घ्यायच्या रोजच्या औषधांची सोय तीत नव्हती. ती २००३ च्या कायद्याने झाली आणि १ जानेवारी २००६ पासून सुरू झाली. मात्र चालवायला दिली खाजगी विमा कंपन्यांकडे. नियमांची चौकट सरकारची. पण हप्ता, औषधांची यादी आणि सवलतीची दुकाने ज्या त्या कंपनीची. म्हणून एकाच गल्लीतल्या दोन आजी एकच गोळी घेतात आणि दोघींना वेगवेगळे पैसे पडतात.

अक्काची योजना भाच्याने कधी काळी सर्वांत कमी हप्ता पाहून घेतली होती आणि ती दरवर्षी आपोआप पुढे चालू राहिली. २०२४ च्या जानेवारीत औषधाचे पहिले ५४५ डॉलर तिलाच भरावे लागले. तेवढे भरल्याखेरीज कंपनी हात लावत नव्हती. पुढे महिना सत्तेचाळीस. आणि त्या सालच्या नियमाप्रमाणे, कंपनीने आणि तिने मिळून औषधांवर ५,०३० डॉलर खर्च केले की मध्ये एक खड्डा लागे. त्यात शिरले की किमतीचा चौथा हिस्सा स्वतः द्यावा लागे. अपिक्साबानची महिन्याची किंमत ५९० डॉलरच्या आसपास, त्यामुळे सप्टेंबरात तो आकडा ओलांडला गेला. एकशे अठ्ठेचाळीस डॉलर हा त्या फार्मसीतल्या मुलीचा लोभ नव्हता, तो खड्डा होता. तो २०२५ पासून कायद्याने बुजवला गेला. पण अक्काला त्याचे नावही कोणी सांगितले नव्हते.

योजना बदलायची मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असते. म्हणजे आम्ही अगदी वेळेवर जागे झालो होतो. प्रत्येक काउंटीत मेडिकेअरचा फुकट सल्ला देणारी मंडळी असतात, असे शेजारच्या बाईंनी सांगितले. भाच्याला घेऊन आम्ही तेथे गेलो. समोर साधारण माझ्याच वयाच्या एक स्वयंसेविका होत्या. मी कोणती कंपनी चांगली, असे विचारताच त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कंपनी मागाहून. आधी बाटल्या काढा."

त्यांनी चारही बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येक औषधाचे नाव, ताकद, दिवसातून किती वेळा आणि अक्का चालत जाऊ शकते ती फार्मसी, एवढे मेडिकेअरच्या संकेतस्थळावर भरले. मग एकेका योजनेला तेच ते प्रश्न विचारले. ही गोळी तुमच्या यादीत आहे का? कोणत्या पायरीवर आहे, कारण पायरी चढली की दर चढतो? आधी परवानगी घ्यावी लागेल का? आधी स्वस्त औषध घेऊन पाहण्याची अट आहे का? महिन्याला किती गोळ्या देता? आणि ही फार्मसी तुमच्या सवलतीच्या दुकानांत आहे का? यादीबाहेरच्या औषधावर केलेला खर्च वार्षिक मर्यादेत धरला जात नाही, हेही त्यांनी बजावले. ती मर्यादा २०२५ साठी २,००० डॉलर होती. तेवढे झाले की यादीतल्या औषधांना त्या वर्षी आणखी पैसे पडत नाहीत.

मी वही काढून उभी बेरीज मांडली. जुन्या योजनेचा २०२५ चा हप्ता महिना ११ डॉलर, वर्षाचे १३२. पण जानेवारीत आधी ५९० स्वतः भरायचे आणि पुढे दर महिन्याला चौथा हिस्सा. म्हणजे वर्ष संपायच्या आत २,००० ची मर्यादा गाठायची. एकूण २,१३२. दुसऱ्या एका योजनेचा हप्ता महिना ६२, वर्षाचे ७४४. त्यात आधी काही भरायचे नव्हते. अपिक्साबानला महिना ४७ प्रमाणे जास्तीत जास्त ५६४ आणि बाकीच्या तीन गोळ्या त्या फार्मसीत विनामूल्य. एकूण १,३०८. हप्त्यात वाचवलेले पन्नासेक डॉलर आम्हांला वर्षाला ८२४ डॉलरना पडत होते!

भाच्याने वहीतली बेरीज दोनदा तपासली. घरी परतताना गाडीत तो एवढेच म्हणाला, "मावशी, आई मला का नाही बोलली?"

मागच्या सीटवरून अक्का म्हणाली, "तू बापासारखा कामात बुडालेला असतोस रे."

त्यावर कोणीच बोलले नाही. पण त्या रात्री सूनबाईने जेवणाच्या टेबलावर संध्याकाळची गोळी आणि पाण्याचा पेला अक्काच्या ताटाशेजारी ठेवला, आणि मी तेथे होते तोवर रोज ठेवला. उरलेल्या महिन्यांचे वाढीव पैसे भाच्याने भरले.

मला वाटते, आपल्या घरांत पैशाचे बोलणे मुलांशी करणे वडीलधाऱ्यांना कमीपणाचे वाटते, आणि आईच्या औषधांचा हिशेब विचारणे मुलांना आगाऊपणाचे वाटते. विमा कंपनी या दोन संकोचांच्या मधून सुखाने चालत जाते. दोष तिचा नाही असे मी म्हणत नाही. ते पाकीट एखाद्या आजीला समजेल अशा भाषेत लिहिता आले असते. पण ते आपणही फोडले नाही, हे खरे आहे.

एक गोष्ट मात्र मला पुढच्या वर्षी कळली. २०२५ च्या ऑक्टोबरात अक्काने स्वतः फोन केला, "पाकीट आले आहे, फोडले आहे, वही काढ." आता सरकारने औषध कंपन्यांशी घासाघीस करून ठरवलेले पहिल्या दहा औषधांचे दर १ जानेवारी २०२६ पासून लागू होणार होते. त्यांत एलिक्विस नावाने मिळणारे अक्काचे अपिक्साबानही होते : तीस दिवसांना २३१ डॉलर. मर्यादा वाढून २,१०० झाली होती आणि आम्ही निवडलेल्या योजनेचा हप्ता ७९ वर गेला होता. त्याच प्रश्नांची तीच उजळणी केली, तर गणित उलटले! आमच्या योजनेत वर्षाचे १,५१२ होत होते. एका वीस डॉलर हप्त्याच्या योजनेत ६१५ डॉलर आधी भरावे लागत होते. तरी गोळीच स्वस्त झाल्यामुळे एकूण १,४०० च्या आतच निघाले. म्हणजे मोठा हप्ता चांगला, असा धडा गिरवून बसलो असतो तर पुन्हा फसलो असतो. आपल्या बाटल्या घेऊन दर शरद ऋतूत नव्याने बेरीज करणे, याला दुसरा उपाय नाही. योजना मुळात घेतलीच नसेल, तर तीही फार लांबणीवर टाकू नये. दुसरा योग्य औषधविमा नसताना उशीर केला, तर हप्त्यावर जन्मभराचा दंड बसतो.

बडोद्याला परतल्यावर मी माझीही पॉलिसी काढून तिला तेच प्रश्न विचारले. उत्तर थोडक्यात मिळाले. इस्पितळात दाखल झाल्यास आधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांची औषधे मिळतील. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीला एक पैसाही नाही. सत्तरी गाठलेल्यांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेले आयुष्मान कार्ड मी काढले आहे, पण तेही मुख्यतः इस्पितळासाठीच. मग रोजच्या गोळ्यांसाठी मी जनऔषधी केंद्राचा रस्ता धरला. डॉक्टरांना विचारून तेच औषध तेथून घेते. वीस वर्षे हप्ता भरताना "आपला विमा आहे" या समाधानात मी होते. तो कशाचा आहे, हे अक्काच्या बाटलीने मला शिकवले.

आता दर रविवारी आमचा फोन होतो. फराळ, पाऊस, नातीचे कॉलेज असे सगळे बोलून झाले की अक्का स्वतःहून हिशेब देते. परवा वीस तारीख होती. फोन उचलताच म्हणाली, "बावीस आहेत. ताटलीत ओतून मोजल्या. तुला दाखवू का?"

मी म्हटले, "नको, अक्का. तू खोटे बोलत नाहीस."