फोनवरचे अब्बा

पेण-रोह्याकडच्या आमच्या घरांत मूल बोलू लागले की आम्ही कौतुकाने त्याचे शब्द मोजतो. 'वर', 'त', 'ला' कुणी मोजत नाही. खरी कसोटी त्यांचीच असते. भाकरी टोपलीत, टोपली फळीवर, हे मूल हाताळून शिकते. पण चप्पल पायात कशी? पाय तर चपलेत जातो! 'दादीला दे' आणि 'रोह्याला जा' यांतला 'ला' एकच. काम मात्र वेगळे.

जॉन्स्टन आणि स्लोबिन यांनी १९७९ साली चार भाषांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'आत', 'वर', 'खाली' मुलांना आधी येतात; 'मागे', 'पुढे' नंतर. तुर्की मुले त्यात पुढे होती. त्यांच्या भाषेत हे शब्द आपल्यासारखेच नामाच्या मागून येतात.

दिसणाऱ्या 'वर'नंतर न दिसणारा 'वर' येतो: 'वेळेवर ये', 'माझ्यावर रागावू नको'. बाप आखातात असला की तो लवकरच भेटतो. 'अब्बा फोनवर आहेत' म्हटले की दोन वर्षांचे पोर फोन उलटा करून पाहते. आम्ही हसतो, त्याची अम्मी हसत नाही.

हा 'वर' पुस्तकातून शिकवता येत नाही. शाळेत प्रमाण मराठी येईल, उर्दू येईल, इंग्रजीही येईल. पण 'तुझ्यावर जीव आहे' हे रोज कानांवर पडायला घरची बोलीच हवी. ती बोलायची लाज आम्ही मोठ्यांनी सोडली, तर पोरांना फार शिकवावे लागणार नाही.