आवई

‘आवई ही अज्ञानाची लेक’ हे वाक्य आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे ठोकून दिले. १८५७ च्या उठावाचा पाठ आला म्हणजे त्यास विशेष रंग चढे. सरकार पिठात हाडांचा चुरा मिसळते, काडतुसांस गाईची व डुकराची चरबी लाविते, अशा कंड्या त्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात पिकल्या होत्या. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात धर्म बुडविणाऱ्या चौऱ्यांशी कलमांची हकीकत ऐकिली तशी नमूद केली आहे. अशी कलमे निघालीच नव्हती, हे सांगताना विद्यार्थ्यांबरोबर आम्हीही हसत असू.

परंतु दत्तक नाकारून १८४८ त सातारा व १८५४ त झांशी खालसा झाली, हे तर खरे होते. ज्याने सिंहासने घेतली तो उद्या आपल्या चुलीपर्यंत येईल, हे भय खोटे कसे म्हणावे? त्यास कायद्याची भाषा येत नव्हती. म्हणून ते पिठाच्या व चरबीच्या भाषेत बोलले.

ही गोष्ट आम्हांस ग्रंथांनी शिकविली नाही. २०१८ च्या उन्हाळ्याअखेर मुले पळविणाऱ्या टोळ्यांची वार्ता भ्रमणध्वनीवरून घरोघर फिरत होती. अशात एके सकाळी नाशकातील आमच्या दारी एक गोसावी भिक्षेस आला. अशांच्या झोळीत पसाभर पीठ घालण्याची आमच्या घरची जुनी रीत. आम्ही अंगणातल्या पुतणीस आत ओढिले आणि कडी लाविली. वार्तेवर आमचा विश्वास होता काय? मुळीच नव्हता. हात मात्र कडीकडे गेला.

पुढे थोड्याच दिवसांत, १ जुलै रोजी, शेजारच्या धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस त्याच संशयावरून ठेचून मारिले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती.

१८५७ च्या भयास निदान सत्तेचा चेहरा दिसत होता. तरीही तेव्हा निरपराध बळी गेलेच. आमच्या भयास तर झोळीवाला तेवढा दिसला. भय खरे असते. पण त्याने रोखलेले बोट खरे असतेच असे नाही, एवढे आम्ही उशिरा शिकलो.

तो पाठ आम्ही अद्याप शिकवितो. ते वाक्य मात्र आता उच्चारवत नाही. आवई अज्ञानाचीच लेक असती, तर पदवीधराच्या घरात तिने कडी लाविली नसती.