चाक केवढं असावं

आमच्या निफाड तालुक्यातली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात तीच जमीन पायातली चप्पल ओढून घेते. अशा रानातून माल बाहेर काढायचा म्हटलं की पहिला हिशेब चाकाचा. चाक केवढं आणि गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, या दोन गोष्टींवर आमचं पावसाळ्याचं गणित चालतं.

मी लहान असताना घरी लाकडी चाकाची बैलगाडी होती. चाक माझ्या छातीला लागायचं. बाभळीचं लाकूड, सुताराच्या हातचे आरे आणि वरून लोखंडी धाव. धाव बसवायचा दिवस आम्हा पोरांना सणासारखा. लोहार गोवऱ्यांचा जाळ करून धाव लालभडक तापवायचा, सांडशीनं धरून चाकावर चढवायचा आणि लगेच पाण्याच्या घागरी ओतायचा. वाफेचा लोट उठायचा, धाव आकसायची आणि सगळे सांधे करकचून आवळले जायचे. ही गाडी चिखलात रुतायची नाही असं नाही, रुतायचीच. पण चाक उंच म्हणून कणा उंच, आणि कणा उंच म्हणून गाडीचं पोट चिखलावर टेकत नसे. दोन माणसांनी आऱ्यांना हात घातला की गाडी निघायची.

मग टायरगाड्या आल्या. बैलांचा जीव हलका झाला, ओझं दुप्पट जाऊ लागलं, पण चाक झालं कमरेच्याही खाली. टायरगाडीला रस्ता लागतो. लाकडी गाडीला नुसती वाट पुरायची. हा फरक आमच्या वडिलांनी पहिल्याच पावसाळ्यात ओळखला होता.

आता दारात पिकअप आहे. टोमॅटोच्या दिवसांत साठ कॅरेट भरतो. वीस किलोचं एक कॅरेट, म्हणजे बाराशे किलो माल झाला. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात वेळेवर पोचलं तर पैसे, नाहीतर खुडलेला टोमॅटो कोणासाठी थांबत नाही. वस्तीपासून डांबरीपर्यंत पाच फर्लांगांचा शिवरस्ता आहे. बहात्तरच्या दुष्काळात त्यावर मुरूम पडला होता, तो केव्हाच मातीत गेला. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडल्यात आणि मधे उंचवटा राहिलाय. पिकअपचं पोट त्याच्यावर घासतं.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पोरानं पिकअप उंच करून घेतली. मागं पाटे आणि आस यांच्यामधे लोखंडी ठोकळे टाकले, वर एकेक पाटा वाढवला, मोठे टायर चढवले. गाडी चार इंच वर गेली. गावात नुसता बोलबाला. आमचा थोरला दोन दिवस घुटमळला आणि जेवताना म्हणाला, "नाना, आपणबी गाडी उचलून घेऊ. यंदा माल अडकला तर औषधाचेसुद्धा पैसे निघायचे नाहीत."

त्याचं खोटं नव्हतं. आदल्या वर्षी दोन खुडे बांधावर ओतले होते. मी म्हटलं, "चल, मेस्तरीला विचारू."

मेस्तरी म्हातारा, निम्मं आयुष्य गाडीखाली काढलेला. त्यानं गाडीखाली बोट दाखवून पोराला विचारलं, "घासतं काय तुझं?" मागच्या आसाच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा असतो, तो घासत होता. मेस्तरी म्हणाला, "मग ठोकळे टाकून काय होणार? ठोकळ्यानं हौदा वर जातो, चेसी वर जाते. गोळा आसाला आहे, आस चाकाला. तो आहे तिथंच राहतो. गोळा वर न्यायचा तर चाकच मोठं पाहिजे."

मला आमच्या जुन्या गाडीचा कणा आठवला. गोष्ट तीच.

मग मोठ्या चाकाचा हिशेब झाला. आमच्या गाडीचा टायर २१५/७५ आर १५. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि आतली रिम १५ इंची. पोरानं मोबाइलवर गुणाकार केला. अख्ख्या चाकाची उंची आली साधारण ७०३ मिलिमीटर. २३५ चा टायर घातला तर ७३३. तीस मिलिमीटर वाढले, पण आस चाकाच्या मधोमध, म्हणून तिच्या वाट्याला निम्मे, पंधरा. म्हणजे अर्ध्या इंचाला थोडं जास्त. चार इंच गोळा उचलायचा तर चाक आठ इंच मोठं पाहिजे, आणि ते त्या मडगार्डात मावणार कुठं? वळणावर घासणार.

मेस्तरीनं बाकीचंही सांगितलं. चाक मोठं झालं की इंजिनाची ओढ कमी पडते, चढावर क्लच जळतो. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टनं पळत असते. ठोकळ्यानं मागचा शाफ्ट तिरका होतो, त्याचे क्रॉस लवकर वाजायला लागतात. आणि ब्रेकचं ऐकून तर पोरगा गप्पच झाला. पुष्कळ पिकअपना मागं एक दांडी असते. माल भरला की चेसी खाली बसते, दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. ठोकळे टाकले, दांडी तशीच ठेवली, की माल भरलेला असूनही गाडीला वाटतं आपण रिकामे आहोत. मागचे ब्रेक कमी लागतात. त्यात हौदा उंच, कॅरेटची थप्पी उंच, वळणावर सगळं ओझं एका अंगाला. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८, त्याचं कलम ५२. गाडीच्या मूळ बनावटीत मनासारखा फरक करता येत नाही. उद्या काही झालं तर विमावाले पहिलं तेच बघणार.

आम्ही ठोकळे टाकले नाहीत. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेतली, त्याच मापाचे पण खोल नक्षीचे टायर घातले. गाडी जेवढी होती तेवढी वर आली.

पण शेजारच्या पोराला मी नावं ठेवणार नाही. भाद्रपदात त्याच्याच आजोबांच्या छातीत रात्री कळ आली. रुग्णवाहिका डांबरीवर उभी राहिली, आत येईना. तेव्हा त्या मोठ्या टायरांनी चिखल तुडवत म्हाताऱ्याला बाहेर काढलं. म्हातारा आज पारावर बसतो. अशा वेळी कायद्याचं कलम कोणाला आठवत नाही.

तरी त्या पावसाळ्यात मी एक पाहिलं. त्याची गाडी निघते म्हणून तो भर पावसातही जायचा. त्याच्या चाकांनी चाकोऱ्या आणखी खोल झाल्या. मग ज्याच्याकडे मोटारसायकल, त्याची घसरू लागली. दूधवाला वस्तीवर यायचा बंद झाला. शाळेच्या पोरी चपला हातात घेऊन बांधानं जाऊ लागल्या. मग दुसऱ्यानं गाडी उचलली, तिसरा उचलायच्या बेतात. जो तो आपली गाडी उंच करीत होता आणि रस्ता मात्र खाली चालला होता. ज्याला गाडीच नाही त्यानं काय उंच करावं?

दिवाळीनंतर आम्ही अकरा खातेदार बसलो. गाडी उचलायला पोरांनी जो खर्च केला होता त्याची बेरीज मांडली, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकरी वर्गणी ठरली. एकाच्या विहिरीचा मुरूम निघत होता तो त्यानं दिला. आधी बाजूनं चारी काढली, कारण काळ्या रानात पाणी उतरल्याशिवाय मुरूम टिकत नाही. मग मुरूम पसरून रोलर फिरवला. सगळ्यात जास्त खेपा त्या उंच पिकअपनंच केल्या, डिझेलही त्यानं घरचं घातलं.

पाचांतले तीन फर्लांग झाले. पुढचे दोन अडलेत. तिथं एका भावकीत बांधाचा वाद आहे, कोणी चारी काढू देत नाही. मोजणीचा अर्ज गेलाय. यंदाच्या श्रावणात तेवढ्या टप्प्यात आमची गाडी दोनदा रुतली. दोन्ही वेळा शेजारच्या पोरानं दोर लावून ओढली आणि हसून म्हणाला, "नाना, चार इंच घ्यायचे होते."

मी म्हटलं, "दोन फर्लांग राहिलेत बाळा. ते झाले की तू तुझे चार इंच उतरव."

तो काही बोलला नाही. दोर गुंडाळला आणि विचारलं, "मोजणीवाले कधी येणार म्हणाले?"