बागेत बसायची सुट्टी

१ मेला आम्ही सहा जण पुण्याला आगाखान पॅलेस बघून आलो. रात्री स्टेटसला फोटो टाकले आणि लगेच वस्तीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या दादांचा फोन आला, "जय भीम. चळवळीची पोरं गांधींच्या बागेत काय करत होती?" दादांचा मान ठेवून तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न तसाच सोडण्यासारखा नाही.

मित्रांनो, आपण जातो कुठे? ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, दसऱ्याला जमलं तर नागपूर. गेलंच पाहिजे, आम्हीही जातो. पण नुसतं झाडाखाली बसायला, घोषणा नाही की भाषण नाही, असं आपण कधी जातो? आमच्यातल्या चौघांनी तरी शाळेच्या सहलीनंतर असा दिवस बघितला नव्हता.

आम्ही दोघे बदलापूरचे, दोघे अंबरनाथचे, दोघे उल्हासनगरचे. इंद्रायणी आमच्या स्टेशनांवर थांबत नाही. म्हणून पहाटे उलटं कल्याणला जायचं आणि मग गाडीच्या दारातून आपलंच विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मागे पळताना बघायचं. कर्जतला घाटासाठी मागून इंजिनं जोडेपर्यंत वडापाव झाला. पुणे स्टेशनवरून मेट्रो. कल्याणीनगरच्या आधी 'येरवडा' अशी घोषणा झाली आणि आमच्यातल्या एमपीएससीवालीने सगळ्यांकडे बघितलं. २४ सप्टेंबर १९३२ आपल्याला शिकवावा लागत नाही. त्यावर आपण प्रत्येक सभेत बोलतो, म्हणून इथे थांबतो.

महाल १८९२ सालचा. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तो बांधला, असं सांगतात. दगड वाहणाऱ्या त्या हातांची नावं आता कुठे शोधायची! बांधणारे आगाखान तिसरे. दादा, हे तुमच्यासाठी: गोलमेज परिषदेत नोव्हेंबर १९३१ मध्ये अल्पसंख्याकांचा करार मांडला गेला, त्यावर मुसलमानांच्या बाजूने याच आगाखानांची सही होती आणि अस्पृश्यांच्या बाजूने बाबासाहेबांची. तेव्हा ही बाग एकट्या गांधींची कशी?

ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ गांधी इथे नजरकैदेत होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा इथेच वारले, मागे त्यांच्या समाध्या आहेत. आम्ही तिथे गप्प उभे राहिलो. कैदेत गेलेल्या माणसांपुढे वाद घालायचा नसतो.

वाद आहे तो आपल्या आठवणीशी. नेमक्या याच काळात बाबासाहेब काय करत होते? जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. विषय होता पगारी सुट्टी. १९४५ मध्ये त्याचा कायदा झाला: वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस पगारी रजा. १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास ४८ वर आले. पुणे करार आपल्याला तोंडपाठ आहे. ही रजा आपल्या किती भाषणांत येते?

आमच्यातला एक जण उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या गाळ्यात रोजावर काम करतो. सकाळी नऊ ते रात्री नऊ. कामगार दिनाला गाळा चालूच होता, तो खाडा करून आला. महालात शिरायच्या आधीच मोठ्या झाडाखालच्या बाकावर तो बसला. आम्ही म्हटलं, चल, संग्रहालय बघू. "तुम्ही बघा भावा. मला इथंच बरं वाटतंय." आम्ही तासाभराने परत आलो तर तो गाढ झोपलेला. नखांत निळा रंग तसाच. उठवायचं कुणी, यावर आमचं भांडण झालं. कुणीच उठवलं नाही.

तिकीट काढताना आमचं आडनाव कुणी विचारलं नाही. हे आपोआप झालेलं नाही. १९२३ चा बोले ठराव, १९२७ चं चवदार तळं आणि मग संविधानाचं कलम १५, ज्यात विहिरी, तलाव, रस्ते यांच्यासोबत सार्वजनिक राबत्याच्या जागाही आल्या. जागेचा हक्क असा लढून मिळाला. पण बागेत जायला नुसती जागा पुरत नाही, दिवसही लागतो. तो दिवस पगारासकट मिळावा, हे ऐंशी वर्षांपूर्वी कायद्यात आलं. १९४८ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस दिला. आमच्या मित्राला मात्र एकही मिळत नाही, कारण माणसं ठरावीक आकड्याच्या खाली ठेवली की गाळा 'कारखाना' ठरतच नाही. एकाच मालकाचे शेजारी शेजारी तीन गाळे, तीन वेगळ्या नावांचे. हा हिशोब कॅम्पातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

डबे आम्ही बाहेर पडून रस्त्याकडेच्या सावलीत खाल्ले. भाकरी, सुकट, ठेचा. परतीच्या गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती.

शनिवारी पगार झाला, त्यात एक दिवस कापलेला. आम्ही पाच जणांनी वर्गणी काढली, ती त्याने घेतली नाही. म्हणाला, त्यापेक्षा रविवारी गाळ्यावरच्या पोरांना भेटा, हजेरी कोणत्या नावाने लागते ते त्यांना विचारा. येत्या रविवारी संध्याकाळी जातोय. दादांनाही बोलावलं आहे.