शेगाव-लोणार : उतरावे कोठे, जेवावे कोठे?

यात्रा ठरली की एकत्र कुटुंबात प्रथम सामानाची यादी होते. तीत शेगडी, पोहे, मेतकूट, तूप हे सारे येते. आणि कोणी बोलून दाखविले नाही तरी हे रांधावयास घरातील दोन सुनाही त्या यादीत धरलेल्या असतात. इतरांनी दर्शन घ्यावे आणि गृहिणीने परगावीही चुलीपुढेच बसावे, अशी पुष्कळ यात्रांची कथा आहे. म्हणून उतरावयाच्या जागेची परीक्षा तेथे घरच्या बायकांना विसावा मिळतो की नाही, यावरून करावी. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव या परीक्षेस पुरेपूर उतरते.

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील या गावी २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्रीगजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले. ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी येथेच समाधी घेतली. संस्थानचे भक्तनिवास मंदिरानजीक आहेत, तसेच काही अंतरावर ‘आनंदविहार’ही आहे. ओळखपत्र जवळ असावे. बरोबर वृद्ध मंडळी असल्यास मंदिरानजीकचीच खोली पाहावी. प्रकटदिन, रामनवमी व ऋषिपंचमी या दिवशी अपार गर्दी लोटते. निवांत राहावयाचे असल्यास हे दिवस टाळावेत.

दुपारचा महाप्रसाद विनामूल्य असतो. पांढऱ्या वेषातील सेवेकरी लहानथोरांस ‘माउली’ म्हणून संबोधितात. शेजारी कोण बसला आहे, हे येथे कोणी पुसत नाही. घरातील सोवळ्याच्या मंडळींस क्षणभर संकोच वाटेल. परंतु महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचताना, अशी त्यांच्या चरित्रातील कथा आहे. त्यांच्या दारी पंक्तिभेदाचा अभिमान धरणे आपणांस शोभेल काय? आजीबाई एकदा त्या पंक्तीस बसल्या की सुनांचीही सुटका होते.

मुलांसाठी कचोरी आहेच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास स्थानकावर ती सुरू केली. मुगाच्या डाळीचे तिखट सारण व सोबत तळलेली हिरवी मिरची, एवढाच तिचा थाट!

दुसरे दिवशी खामगाव-मेहकर मार्गे मोटारीने लोणार गाठावे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्यातील पाणी खारे असून जून २०२० मध्ये सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले होते. राहण्यास पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. खाली उतरणाऱ्यांनी उन्हे चढण्यापूर्वी निघावे व पिण्याचे पाणी आणि कोरडा फराळ जवळ ठेवावा. आजी-आजोबांनी काठावरूनच शोभा पाहावी, गोमुखाची गोड्या पाण्याची धार पाहावी व गावातील दैत्यसूदनाच्या कोरीव मंदिराचे दर्शन घ्यावे.

त्या काठावर सासू-सुना घटकाभर निवांत गप्पा मारीत बसलेल्या दिसल्या, तर साऱ्या घराला यात्रा घडली असे खुशाल समजावे.