टेक-ऑफ, व्हाया धामणगाव

लाँग वीकेंडला अख्खं ऑफिस लोणावळ्याला निघालं, मी मात्र विदर्भ एक्सप्रेस पकडली. सकाळी धामणगाव रेल्वे. हो, गावाच्या नावातच 'रेल्वे' आहे! उतरणारे बरेच जण यवतमाळची गाडी गाठायला पळतात, मी काकांकडे. कापसाच्या या गावात मी चक्क फायटर जेट उडवायला शिकलो, बॉस!

चुलतभावाची खोली म्हणजे कॉकपिटच. कॉम्प्युटर, जॉयस्टिक, पायाशी पेडल्स, मागे घरघरणारा कूलर. सिम्युलेटरवर मिग-21. 1963 मध्ये हवाई दलात आलेलं, आपल्या नाशिकजवळच्या ओझरला शेकड्यांनी बनलेलं आणि 26 सप्टेंबर 2025 ला निवृत्त झालेलं.

पहिल्या दोन वेळा मी थेट गवतात. तिसऱ्यांदा शेपटी घासली.

"दादा, काहून ओढून राहिला तू? त्याले उठू दे ना!"

मग त्याने बैजवार शिकवलं. पुढच्या चाकाला स्टिअरिंग नाही, त्यामुळे सुरुवातीला दिशा सांभाळायची ती पेडल आणि ब्रेकवर. फ्लॅप 25 अंशांवर. ब्रेक धरून इंजिन वाढवायचं, ब्रेक सोडायचा, मग आफ्टरबर्नर. वेग आला की रडर काम करू लागतो, ब्रेक विसरायचा. नाक हळूच उचलायचं आणि तिथेच धरायचं. इथेच माझी गोची! पंख छोटे, त्रिकोणी. कमी वेगात त्यांच्याने वजन उचलत नाही. घाईने नाक वर ओढलं की हवेचा अडथळाच वाढतो, वेग अडकतो. ताशी 350 किलोमीटरच्या आसपास विमान आपणहून जमीन सोडतं. तोवर हात गप्प ठेवायचा. आम्हा डेडलाइनवाल्यांना कसं जमणार?

चौथ्यांदा जमलं. एकदम हलकं वाटलं. मी चाकं आत घेतली.

"दादा, तिन्ही लाल लागले का?"

चाकं बाहेर असली की हिरवे दिवे, आत गेली की लाल. त्याला या दोन रंगांत फरक दिसत नाही. पायलट व्हायचं त्याचं स्वप्न दोन वर्षांपूर्वी मेडिकलमध्ये अडकलं ते इथेच. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं पहिलं प्रवासी विमान उतरलं, तेव्हा हा कुंपणाबाहेर उभा होता, असं काकू म्हणाली. एकटा असला की तो दिवे जागेवरून ओळखतो. आज मी होतो, म्हणून विचारलं.

"लागले," मी म्हणालो.

"मंग फ्लॅप घे वर."